मेणबत्तीची स्तुती पुरे

धर्मग्रामातील कोणत्याही निरोपसमारंभाला जावे. शिक्षिका निवृत्त होत असोत, सिस्टरांची बदली होत असो, वा गायनवृंदाचे वयोवृद्ध पेटीवादक पेटी मिटून ठेवीत असोत, तिसरा वक्ता उभा राहिला की मेणबत्ती आलीच. मेणबत्तीप्रमाणे स्वतः जळून यांनी इतरांना प्रकाश दिला, असे वक्ता सांगतो. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होते, आणि ज्यांच्यासाठी हे सारे चाललेले असते त्या व्यक्ती खुर्चीत कंबरदुखी सोशीत बसलेल्या असतात. गेल्या पंचवीसएक वर्षांत ही मेणबत्ती आम्ही किती वेळा ऐकली याची गणती नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर ती आम्ही स्वतःही पुष्कळदा पेटवली आहे. भाषण तयार नसले म्हणजे मेणबत्ती फार उपयोगी पडते.

आता मात्र ती विझवावी, असे आम्हाला निक्षून सांगायचे आहे. वेदीवरच्या मेणबत्तीशी आमचे भांडण नाही. पण वेदीवरचीसुद्धा संपली की आपण दुसरी लावतो. पास्काची भव्य मेणबत्तीदेखील ख्रिस्तसभा दरवर्षी नवी घेते. गेल्या वर्षीच्या थोटकाला 'तू अजून जळ' असे कोणी सांगत नाही. माणूस असा नवा घेता येत नाही, एवढे साधे आपल्या वक्त्यांच्या लक्षात येऊ नये, याचे नवल वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. थकव्याला आपण पुण्य मानू लागलो आहोत. जो अधिक थकला तो अधिक भक्तिमान, जो संध्याकाळी वेळेवर घरी गेला तो कोमट, अशी एक अलिखित मोजपट्टी आपल्या धर्मग्रामांतून फिरते आहे. आणि ती हातात धरणाऱ्यांत पहिले आम्ही धर्मगुरू आहोत. माणसाची शक्ती ही देवाने सोपवलेली ठेव आहे. स्वतःची ठेव उधळणे हा गैरव्यवहार आहे, आणि दुसऱ्याची उधळणे हा तर सरळ अन्याय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उपवासकाळातला शुक्रवार होता. क्रूसाची वाट संपवून आम्ही कचेरीत येऊन बसलो, तोच धर्मशिक्षण वर्गाच्या प्रमुख बाई आल्या. अठरा वर्षे त्या हा वर्ग सांभाळीत होत्या. सोमवार ते शनिवार अंधेरीला नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि रविवारी सकाळी सातच्या मिस्सानंतर पाऊणशे मुले. त्यांनी पर्समधून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, “फादर, आता माझ्याच्यानं होत नाही.”

आम्ही काय उत्तर दिले ते आजही शब्दशः आठवते, आणि ते छापून यावे अशीच आमची इच्छा आहे. आम्ही म्हणालो, “बाई, प्रभू क्रूसावरून खाली उतरला का?”

बाई काही बोलल्या नाहीत. किल्ली उचलून पुन्हा पर्समध्ये ठेवली आणि त्या गेल्या. एका सेवाभावी व्यक्तीला आपण मोहातून वाचवले, असे आम्हाला वाटले. पुढे नाताळपर्यंत त्यांनी वर्ग चालवला. नाताळनंतर त्या यायच्या थांबल्या. आधी वर्गाला, मग मिस्सालाही. किल्ली मुलाच्या हाती पाठवून दिली. पुष्कळ महिन्यांनी एका मयताच्या घरी त्या भेटल्या, तेव्हा आम्ही विचारले, “मुलांनी फार त्रास दिला का?” त्या म्हणाल्या, “नाही हो फादर. मुलांचा राग येत नव्हता. मुलांचं काहीच वाटेनासं झालं होतं.”

हे वाक्य नीट समजायला आमच्यावर पाळी यावी लागली. धर्मग्रामाचा सण तोंडावर आला होता. नऊ दिवसांची नोव्हेना, रोजचे पापनिवेदन, मंडपवाल्याशी घासाघीस, स्मरणिकेच्या जाहिराती आणि रात्री अकरापर्यंत समित्यांच्या सभा. त्यातच एक अंत्यविधी आला. थडग्यापाशी प्रार्थना म्हणताना आमच्या तोंडून आदल्या आठवड्यात पुरलेल्या गृहस्थांचे नाव गेले, तेही दोनदा. मृताच्या पत्नीने हलकेच खरे नाव सांगितले. त्या दिवशी परत आल्यावर आम्हाला लाजेने जेवण जायला नको होते. जेवण गेले. काहीच वाटले नाही. तेव्हा बाई आठवल्या.

या अवस्थेला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. आपण करपणे म्हणू. १९७४ साली न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तिचे वर्णन एका शास्त्रीय नियतकालिकात केले. ते त्याने कोणाकडे पाहून केले हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. शेअरबाजारातले दलाल किंवा कारखानदार त्याच्यासमोर नव्हते. ज्यांना डॉक्टरची फी परवडत नाही अशांसाठी चाललेल्या एका मोफत दवाखान्यातील स्वयंसेवक त्याच्यासमोर होते. तो स्वतः दिवसा आपला व्यवसाय करी आणि रात्री तेथे राबे. करपण्याचा अनुभव त्याने स्वतःच्या अंगावरही घेतला होता. जे सर्वांत निष्ठावान, सर्वांत वाहून घेतलेले, तेच करपतात, असे त्याने लिहिले. म्हणजे आमच्या बाई.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या अवस्थेचा खुलासा केला. हा रोग नव्हे, ही कामाशी निगडित अवस्था आहे, असे तिने स्पष्ट म्हटले. दीर्घकाळ चाललेला व नीट न हाताळलेला कामाचा ताण हे मूळ, आणि लक्षणे तीन: शक्ती आटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. बाईंनी त्यातले दुसरे लक्षण एका वाक्यात सांगितले होते. आम्ही पहिले सोशीत होतो आणि तिसऱ्याच्या उंबरठ्यावर होतो.

हा रोग नव्हे, याचा अर्थ फार गंभीर आहे. रोग असता तर रोग्याला औषध देऊन मोकळे होता आले असते. पण मूळ कामाच्या मांडणीत असेल तर नुसत्या थकलेल्या माणसाला सुधारून काय होणार? आमच्या तरुण मंडळींना त्यांच्या कंपन्या शिबिरांना पाठवतात. तेथे दहा मिनिटे डोळे मिटून श्वास कसा घ्यावा हे शिकवतात. श्वास घेणे चांगलेच. पण सोमवारी टेबलावर तेवढीच कागदपत्रे, तोच साहेब आणि रात्री दहा वाजता तोच फोन. ज्याच्या डोक्यावर दीड मण ओझे ठेवले आहे त्याला मान ताठ कशी ठेवावी हे शिकवून ओझे ठेवणारा नामानिराळा राहतो.

सेमिनरीत आम्हाला त्याग शिकवला; त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण पवित्र शास्त्राची काही पाने तेथे जरा घाईने उलटली गेली, असे आता वाटते. एलीया संदेष्टा कर्मेलवर मोठा विजय मिळवून आला, आणि लगेच रानात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने देवदूत पाठवला. देवदूताने प्रवचन दिले नाही. 'प्रभूसाठी थोडे सोस' असे म्हटले नाही. त्याने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. देवदूताने त्याला झोपू दिले. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातले, कारण वाट लांबची होती. चाळीस दिवस चालण्याची ताकद त्या दोन जेवणांतून आणि एका झोपेतून आली. आमच्या कचेरीत बाई आल्या तेव्हा त्यांना साधा चहासुद्धा आम्ही विचारला नव्हता.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायातला इथ्रो तर प्रत्येक धर्मग्राम परिषदेत वाचला जावा अशा योग्यतेचा आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसे आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे असत. सासरा इथ्रो हे एक दिवस पाहतो आणि सांगतो की हे बरे नव्हे. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम, लहान तंटे त्यांना सोडवू दे. (सासऱ्याने जावयाला दिलेला सल्ला सहसा वाया जातो, हा गेला नाही.) त्यात एक बारकावा आहे. इथ्रो मोशेला केवळ 'तू थकशील' असे बजावीत नाही. तुझ्याबरोबरचे हे लोकही थकतील, असे तो म्हणतो. सारे स्वतःच्या हाताने करणारा पुढारी एकटा करपत नाही; तो रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना करपवतो. ज्या धर्मग्रामात फादरांच्या सहीवाचून फुलदाणी हलत नाही, त्या धर्मग्रामात सगळेच दमलेले असतात.

आणि दिवा. निवासमंडपातला दिवा संध्याकाळपासून सकाळपर्यंत तेवता राहावा अशी आज्ञा आहे. पण तिच्या आधीचे वाक्य असे की लोकांनी जैतुनाचे शुद्ध तेल आणून द्यावे. दिवा जळतो तो तेल; वात फक्त तेल वाहून आणते. तेल संपून वात जळू लागली की घरभर धूर होतो, हे आमच्या आज्यांना ठाऊक होते. दहा कुमारिकांच्या दाखल्यातल्या पाच शहाण्यांनी तेल वाटून द्यायला नकार दिला, यावर प्रवचन करताना आम्ही नेहमी अडखळत असू. आता तितकेसे अडखळत नाही.

प्रभू येशू वादळात नावेत उशी घेऊन झोपला होता. शिष्यांना जेवायलाही फुरसत होईना तेव्हा तो त्यांना एकांतात घेऊन निघाला. तेथेही लोक आले, आणि त्याने कळवळून त्यांना शिकवले, हे खरे. ती विश्रांती मोडली. पण मोडण्यासाठी ती आधी ठरवलेली असावी लागते. आम्ही ठरवतच नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्याच रांगेत झोप आणि स्नान यांना बसवले आहे. सेमिनरीच्या परीक्षेत हा प्रश्न आम्हाला कधी आला नाही.

वसईच्या माणसाला हे सारे विहिरीवरून अधिक चटकन कळेल. आमचे वडील वाडीवाले. आमच्या लहानपणी पहाटे रहाट जुंपला जाई आणि ऊन चढले की सोडला जाई. मग विहीर भरू द्यायची. झरा किती वेगाने भरतो ते वडिलांना पाण्याच्या खुणेवरून कळे आणि त्यावरून केळीला किती, पानवेलीला किती हे ठरे. पुढे पंप आला. बटण दाबले की पाणी, त्यामुळे झऱ्याला विचारण्याचे कारण उरले नाही. मग टँकर आले. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे बेसुमार उपसले की खालचे खारे वर सरकते. खारी झालेली विहीर रिकामी दिसत नाही, हे विशेष. पाणी भरपूर असते. फक्त ते केळीला चालत नाही.

करपलेला माणूस असाच असतो. तो कामावर येतो, वर्ग घेतो, मिस्सा अर्पितो. बाहेरून विहीर भरलेली दिसते. चव घेणाऱ्या मुलाबाळांना तेवढे कळते. टँकरच्या उपशाविरुद्ध आणि बेलगाम बांधकामाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आमच्या पिढीने मोर्चे काढले, घोषणा दिल्या. त्याच पिढीने आपल्या घरातल्या आणि धर्मग्रामातल्या माणसांचा उपसा मात्र चालू ठेवला. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी उपदेश केला होता की पाटासारखे होऊ नका, साठ्यासारखे व्हा. पाट घेता घेताच देऊन टाकतो, साठा आधी भरतो आणि मग ओसंडतो. त्यांचा शिष्य पोप युजीन तिसरे झाला, तेव्हाही कामाच्या रगाड्यात हृदय निबर होईल असा इशारा त्यांनी त्याला लिहून कळवला. ज्याच्या दारी बावखल आहे त्याला बर्नार्ड समजावून सांगण्याची गरज नाही.

झरा प्रत्येकाचा वेगळा, हेही विहीरवाल्याला सांगावे लागत नाही. आमचे डोके पहाटे पाच ते दहा चालते. त्या वेळी प्रवचन लिहायला बसलो तर दीड तासात होते. रात्री दहाला बसलो तर मध्यरात्रीपर्यंत कागद कोरा. तरी वर्षानुवर्षे आम्ही सकाळी दाखल्यांवर सह्या केल्या, फोन घेतले आणि प्रवचन रात्रीवर टाकले. आणि सगळा थकवा एका जातीचा नसतो. वाडीत खणून आलेल्याला झोप पुरते. हिशेब तपासून डोके भणभणलेल्याला झोपून भागत नाही. त्याने हातांना काम द्यावे, कुंडीत माती भरावी. दिवसभर माणसांच्या दुःखात बसलेल्याला थोडा एकांत लागतो, आणि दिवसभर एकट्याने यंत्रासमोर बसलेल्याला माणसे लागतात. हे न ओळखता आपण सगळ्यांवर एकच उपाय करतो: दूरदर्शन संच लावून समोर बसणे, किंवा हातातला मोबाइल चाळीत राहणे. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. मोबाइलची बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली की आपण कासावीस होऊन भिंतीत खाच शोधतो. घरातल्या माणसाची किती उरली, हे कोण विचारतो?

आता रविवारकडे येऊ, कारण खरा वाद तेथे आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी देवळातून वा चर्चमधून मिळालेली नाही. ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली. आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, अशा त्यांच्या मागण्या होत्या. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो आमच्या माणसांना मोकळा हवा, असेही त्यांनी मांडले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक निघाले आणि कामगाराच्या शक्तीला मर्यादा आहे, त्याला विश्रांती देणे हा न्याय आहे, हे ख्रिस्तसभेने जगाला सांगितले. म्हणजे लोखंड्यांचा खंडोबा आमच्या परिपत्रकापेक्षा वर्षभर पुढे होता. हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

आज हीच सुटी पुन्हा वादात आली आहे. २०२३ साली इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. २०२५च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची ९० तासांची सूचना लोकांपुढे आली. रविवारीही कामाला बोलावता येत नाही याची त्यांना खंत होती. याआधीच, २०२१ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून हिशेब मांडला होता: एकट्या २०१६ साली प्रदीर्घ कामाच्या तासांपायी पक्षाघात व हृदयविकाराने ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक.

आमच्या विरारच्या कारकुनाचे गणित कोणी करून पाहिले आहे काय? विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत जाऊन-येऊन दिवसाचे चार तास, आठवड्याचे सहा दिवस: एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र गाडीत. कचेरीचे ४८ तास त्यात मिळवले की ७२ झाले. मूर्तींचे ७० तास तो बिचारा आधीच भरून बसला आहे, आणि त्यातले २४ बिनपगारी व उभ्याने.

असा माणूस रविवारी सकाळी मिस्साला येतो. आणि आम्ही काय करतो? मिस्सा संपण्यापूर्वी सूचना वाचतो. मिस्सानंतर समूहप्रमुखांची सभा. साडेनऊला सणाच्या समितीची बैठक. अकराला गायनवृंदाचा सराव. चारला युवकांचे शिबिर, त्याला पालकांनीही यावे. ज्यांनी हजेरी लावली नाही त्यांची नावे टिपून ठेवण्यात येतील. ज्या सुटीसाठी लोखंडे मालकांशी भांडले, ती मालकांच्या आधी आम्हीच प्रभूच्या नावाने काढून घेतली. ९० तासवाल्यांना आपण नावे ठेवतो. पण रविवार मोकळा पाहून हात शिवशिवतात ते आमचेही.

याहून एक अवघड गोष्ट आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे. विश्रांती कोणाकोणाला द्यायची त्याची तेथे यादी आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, इतर गुरे आणि तुझ्या वेशीच्या आतला परका. या यादीत बैल आहे, गाढव आहे; पत्नी नाही. 'तू' या शब्दात तीही आली, असे भाष्यकार सांगतात. येऊ दे. पण आमच्या घरांत ती 'तू'मध्ये येत नाही आणि दासीमध्येही येत नाही. रविवार म्हणजे पुरुषाला मटणाचे जेवण आणि दुपारची झोप. बाईला सकाळपासून वाटण, पाहुणे, आठवड्याचे धुणे आणि मुलांचे गणवेश. सोमवारी पहाटेची लोकल दोघांनाही तीच असते. पुरुषमंडळींनी या ओळीवर रागावू नये. रविवारचे एक जेवण स्वतः रांधून पाहावे आणि मग रागवावे.

आमचे काही बंधू म्हणतील की हे सुखवस्तू माणसाचे तत्त्वज्ञान आहे. संत काय घड्याळ पाहून सेवा करीत होते? आर्सचे संत जॉन व्हियानी उन्हाळ्यात दिवसाचे सोळा तासांपर्यंत पापनिवेदनाच्या खुर्चीत बसत, असे आम्हाला प्रत्येक तपसाधनेत ऐकवले गेले. ते खरे आहे. पण हेच व्हियानी एकदा नव्हे अनेकदा आर्स सोडून पळून जायला निघाले होते, हे त्याच वक्त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. एखाद्या मठात जाऊन एकांतात रडावे, प्रार्थना करावी, असे त्यांना वाटे. लोक त्यांना परत आणीत. धर्मगुरूंच्या आश्रयदात्या संताच्या चरित्रातले सोळा तास आम्ही लक्षात ठेवले आणि पळून जाणे विसरलो. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ साली नागासाकीला क्रूसावर प्राण दिला. तो क्रूस छळ करणाऱ्यांनी उभा केला होता. समितीच्या बैठका वाढवून एकमेकांसाठी क्रूस उभारण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नाही. मर्तिक, आजाऱ्याचा निरोप, पुरात बुडालेले घर, अशा वेळी रात्र-दिवस पाहायचा नसतो, आणि आपली माणसे पाहतही नाहीत. शक्ती राखून ठेवायची ती त्या रात्रीसाठी.

आमच्या धर्मग्रामात गेल्या पास्कापासून आम्ही काही बदल केले. रविवारी मिस्सा, धर्मशिक्षण आणि संस्कार सोडून काहीही होत नाही. चौदा समित्या होत्या, त्या आठ केल्या. उरलेल्या सहांनी नक्की काय केले होते हे कोणाला आठवेना. कोणत्याही कामावर तीन वर्षे झाली की एक वर्ष सक्तीची रजा. प्रत्येक कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे. रात्री नऊनंतर धर्मग्रामाच्या वॉट्सअॅप गटावर मृत्यूची वार्ता सोडून काही टाकायचे नाही.

सगळे सुरळीत झाले, असे मुळीच नाही. सराव बुधवारी नेला तेव्हा गायनवृंद निम्म्यावर आला. सणाचा हिशेब महिनाभर उशिरा लागला. दोघा ज्येष्ठांनी 'आता आमची गरज उरली नाही' असे म्हणून राजीनामे दिले. त्यांच्या घरी जाऊन बसावे लागले, आणि एकांची समजूत अजून पटलेली नाही. रविवारी करायचे काय, असे एका गृहस्थांनी गंभीरपणे विचारले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आम्हाला उत्तर देता आले नाही, कारण आम्हालाही ते नीटसे माहीत नव्हते. धर्मशिक्षणाचा वर्ग आता चौघीजणी आळीपाळीने घेतात, आणि दोन वडीलही तयार झाले आहेत. आमच्या जुन्या बाई मिस्साला येऊ लागल्या आहेत. आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्या “असू दे फादर” म्हणाल्या. वर्ग घ्या, असे त्यांना आम्ही म्हटलेले नाही आणि म्हणणार नाही.

या लेखावर पत्रे येतील, याची कल्पना आहे. काही आमच्या बंधू धर्मगुरूंची असतील. जरूर लिहावे, उत्तर देऊ. मात्र सोमवारी फोन करू नये. सोमवारी आम्ही गावी, वाडीत असतो आणि फोन घरी ठेवून जातो. कोणी अत्यवस्थ असेल तर कचेरीत सांगावे. तेथून माणूस सायकलने निघतो आणि वीस मिनिटांत आमच्यापर्यंत पोहोचतो.